महादेवीबाईंनी ऐकलेला बर्फ

लोहाऱ्याहून उमरग्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या वेळानं एक फाटा येतो. तिथं उतरून कुणी परका माणूस शाळेचा पत्ता विचारू लागला, तर जीपवालाच उलट विचारतो, "बिराजदारबाईंकडं का? मग हितनं सरळ जावा." शाळेला तिचं स्वतःचं नाव आहे, दारावर ठळक फलक आहे, पण लोकांच्या तोंडी ती बिराजदारबाईंचीच शाळा. महादेवी बिराजदार तिथं विज्ञान शिकवतात. अंगानं सडपातळ, चालणं झपाझप, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातली पोरंही मराठीचा तास सोडून त्यांचंच ऐकत बसतात.

या बाई उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फावर जाऊन राहिल्या, तिथं शास्त्रज्ञांच्या बरोबरीनं राबल्या, हे आता सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. पण त्या कशाच्या जोरावर गेल्या आणि तिथं काय झालं, ते फार थोड्यांना माहीत आहे.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा महादेवी दुसरीत होती. गणपती बुडवून गाव दमून झोपलं होतं. पहाटे जमीन गुरगुरली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मातीदगडांच्या भिंती बसल्या. महादेवीचे वडील शिवलिंगप्पा अंगणात बाजेवर होते म्हणून वाचले. त्यांनी हातांनी दगड उपसून लेकीला बाहेर काढलं. तिची आई मात्र गेली. त्यानंतर काही काळ पत्र्याच्या शेडमध्ये काढला आणि मग नव्या जागी, सरळ रांगांत बांधलेलं नवं गाव मिळालं. शिवलिंगप्पांनी दुसरं लग्न केलं नाही. लेकीला शिकवलं, मास्तरीण केली, जवळच्याच गावात दिली. पण त्या पहाटेबद्दल त्यांनी तोंडातून कधी चकार शब्द काढला नाही. कुणी विषय काढला की ते उठून गोठ्याकडं जात.

महादेवीच्या अंगात मात्र ती पहाट मुरून राहिली होती. कुठल्याही खोलीत शिरली की तिची नजर आधी दार शोधायची. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला आणि खिडकीची काच थरथरली, की हातातली भाकरी तशीच राहायची. लग्न झाल्यावर नवऱ्यानं, सिद्धारामनं, काही न विचारता तिची झोपायची जागा दाराजवळ करून दिली. सिद्धाराम एसटीत कंडक्टर. दिवसभर माणसांशी बोलून घसा बसलेला हा माणूस घरी कमी बोलायचा, पण बायकोचं दुखणं त्यानं पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं.

काही वर्षांपूर्वी भागात पुन्हा जमिनीखालून आवाज येऊ लागले. लांब कुठं सुरुंग उडावा तसा गूढ धुमका, आणि मग शांतता. घरं हलली नाहीत, पण माणसं हलली. बायका पोरांना घेऊन अंगणात झोपू लागल्या. शाळेत हजेरी निम्म्यावर आली. वर्गात धुमका झाला की मुलं दप्तरं टाकून पळायची, आणि खरं सांगायचं तर बाईंचेही पाय दाराकडं ओढ घ्यायचे. एका दुपारी सगळा वर्ग पळाला, तेव्हा मागं राहिलेली वैष्णवी नावाची मुलगी बाईंना म्हणाली, "बाई, तुमीबी पळणार व्हता ना?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "पळणारच होते."

त्या उत्तरानं त्यांची त्यांनाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तराजूचं एक जड वजन वर्गाच्या तुळईला टांगलं, त्याला पेनाची कांडी बांधली, खाली हळूहळू सरकणारा कागद ठेवला. जमीन हलली की पेन रेघ वाकडी काढणार. मुलांना सांगितलं, आता आवाज आला की पळायचं नाही, आधी रेघ बघायची. रेघ सरळ असेल तर बसून राहायचं. वाकडी झाली तर ठरल्याप्रमाणं रांगेनं मैदानात. पहिल्या धुमक्याला निम्मी मुलं थांबली. पुढं सगळीच थांबू लागली. बाईसुद्धा.

या टांगलेल्या वजनाची गोष्ट त्यांनी एका विज्ञान मेळाव्यात सांगितली. तिथं डॉक्टर गौरीशंकर हिरेमठ आले होते. मूळचे धारवाडचे, केस पांढरे, बोलणं मऊ. ते बर्फाच्या हालचालींचा अभ्यास करत आणि दरवर्षी उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाकडच्या बेटांवर एक तुकडी घेऊन जात. कार्यक्रम संपल्यावर ते बाईंजवळ आले.

"बर्फालाही भूकंप होतो, बाई. ठाऊक आहे?"

"नाही."

"हिमनदी सरकते, तडकते, तिच्या पोटात सतत कंपनं होतात. आम्ही ती ऐकायला जातो. पुढच्या मोहिमेत शाळेतल्या एका शिक्षकाला न्यायचं ठरलं आहे. नुसतं बघायला नाही, काम करायला. तुम्ही अर्ज करा."

बाईंनी अर्ज केला तो आपली निवड होणारच नाही या भरवशावर. निवड झाली. सिद्धाराम डबल ड्यूटी करून आला होता, तरी बातमी ऐकून त्यानं बूट न काढताच पेढे आणले. म्हणाला, "जा तू. हितलं मी बघतो. शिवांजलीची बारावी आहे, ती काय तुझ्यावाचून अडणार न्हाय." त्यांची लेक शिवांजली शेजारी उभी राहून हसली.

शिवलिंगप्पांना सांगायला मात्र बाई दोन वेळा जाऊन न बोलताच परत आल्या. तिसऱ्यांदा म्हाताऱ्यानंच विचारलं, "यव्वा, काय पोटात ठिवलंयस?" घरात मराठीच्या जोडीनं कानडीही चालायची, आणि लाडात आले की ते लेकीला यव्वा, म्हणजे आई, म्हणत. बाईंनी सगळं सांगितलं. शिवलिंगप्पा बराच वेळ कडबा चाचपत राहिले.

"हितं जमीन एकदा हलली," ते म्हणाले. "आन् तू रोज हलतंय तिथं निघालीस?"

"व्हय अप्पा."

"भ्या न्हाय वाटत?"

"लई वाटतंय."

"मग?"

उत्तराची वाट न बघताच म्हातारा गोठ्याकडं निघून गेला. पण निघायच्या दिवशी सकाळीच तो फाट्यावर येऊन उभा होता, धुतलेलं उपरणं खांद्यावर टाकून. जीप हलेपर्यंत हात वर धरून उभा राहिला.

स्वालबार्ड हे बेटांचं नाव. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, आकाशाच्या कडेकडेनं फिरत राहतो. छोट्या बोटीनं तुकडी खाडीच्या टोकाशी पोचली, तेव्हा समोर हिमनदी समुद्रात उतरलेली दिसली. निळसर, भेगाळलेली, आपल्याकडच्या कोरड्या तळ्याच्या भुईसारखी, पण डोंगराएवढी. किनाऱ्यावर लाकडी खोपट होतं. तुकडीत डॉक्टर, दोन तरुण संशोधक आणि अस्वलांपासून राखण करणारी इंग्रिड नावाची नॉर्वेची बाई. तिनं बंदूक खांद्यावर घेऊनच नियम सांगितला: मला सांगितल्याशिवाय खोपटाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही.

बाईंनी तो नियम पहिल्याच दिवशी मोडला.

चहा चालला होता. बाईंनी डब्यातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली होती, आणि तरुण संशोधकांपैकी एक, बंगालचा अनिर्बान, भाकरी कशी मोडायची ते शिकत होता. तेवढ्यात हिमनदीच्या तोंडाचा एक कडा सुटला आणि पाण्यात कोसळला. आधी गुरगुर, मग धडाका, मग खोपटाच्या फळ्या खुळखुळल्या. टेबलावरचे कप हलायचे थांबायच्या आत बाई दाराबाहेर होत्या. पायात नुसते मोजे. किनाऱ्याच्या ओल्या खडीवर त्या उभ्या होत्या. अंगावरच्या कपड्यांच्या थरांखाली गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी त्यांनी मुठीत आवळून धरली होती.

इंग्रिड धावत आली, रागावली, पण बाईंचा चेहरा पाहून बाजूला झाली. मागून डॉक्टर आले. बाईंचे बूट त्यांच्या हातात होते. ते खाली ठेवून त्यांनी हळूच कानडीत विचारलं, "अंजिकी आयितेन्री?"

भीती वाटली का, असं आपल्या घरच्या भाषेत कुणी विचारलं आणि बाईंचा बांध फुटला. त्यांनी पहाट सांगितली, भिंत सांगितली, आई सांगितली. बूट घालता घालता सगळं सांगून झालं. आपण इथं येण्याच्या लायकीच्या नाही, असंही म्हणून झालं.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही खोपटात राहूनही मुलांना शिकवू शकता. वर हिमनदीवर आलंच पाहिजे असं नाही. कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी सगळे तयार झाले तेव्हा बाई बुटांना लोखंडी काटे बांधून दारात बसल्या होत्या. अनिर्बाननं त्यांच्या कमरेला दोर बांधला आणि तुकडी निघाली.

हिमनदीवरचं काम कष्टाचं होतं. बर्फात गिरमिटानं भोक पाडायचं, त्यात कंपनं टिपणारं यंत्र उतरवायचं, वर बर्फ दाबायचा, तारा बॅटरीच्या पेटीपर्यंत न्यायच्या, आणि पुढं जाऊन पुन्हा तेच. गिरमीट फिरवताना खांदे भरून येत. शेतात राबलेल्या हाडांना ते जमत होतं, पण पायाखाली सतत काही ना काही कडकड व्हायची. दर वेळी बाई थांबायच्या, श्वास घ्यायच्या, पुन्हा गिरमीट धरायच्या. पहिला दिवस असाच गेला. दुसराही.

मग एकदा जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांनी त्यांना पडद्यावर रेघा दाखवल्या आणि कानाला यंत्र लावून दिलं. बारीक, तोकडा टकटकाट. "हा वरचा तडा. उन्हानं बर्फ ताणला जातो." मग खोल, लांबलेला हुंकार. "ही सगळी हिमनदी खडकावरून घसरते आहे." मग लांबची गडगड. "हा समुद्राकडचा कडा. हे आवाज वर्षावर्षाला वाढत चाललेत. का वाढतात आणि हिमनदी किती वेगानं समुद्रात चालली आहे, ते यातून कळतं. हिमनदीच्या पोटातलं दुसऱ्या कशातून इतकं कळत नाही."

बाईंनी हातमोजा काढून तळवा बर्फावर ठेवला. गारठ्यानं हात बधिर झाला तरी उचलला नाही. एक कडकड झाली, ती आधी तळव्याला कळली, मग कानाला. आयुष्यभर ज्या आवाजापासून त्या पळत आल्या होत्या, त्याच्याजवळ त्या पहिल्यांदा बसून होत्या. भीती गेली नव्हती. पण भीतीच्या शेजारी आता कुतूहलही येऊन बसलं होतं, आणि ते चांगलंच हट्टी निघालं.

यंत्रं परत काढायची वेळ आली तेव्हा तुकडी वरच्या अंगाला गेली होती. तिथं बर्फावर अजून भुसभुशीत हिमाचा थर होता. दुपारी समुद्राकडून धुकं आलं. चुलीत ओलं सरपण टाकल्यावर स्वयंपाकघर भरावं तसं सगळं पांढरं झालं. पुढं चालणारी इंग्रिड दिसेनाशी झाली, दोर तेवढा तिच्याकडं जाताना दिसत होता. सगळे थांबले. आणि त्याच क्षणी पायाखाली मोठा आवाज झाला. पाठीत कुणी रट्टा घालावा तसा तो सगळ्यांच्या अंगातून गेला.

बाईंच्या शेजारी दुसरी तरुण संशोधक होती, केरळची अनुपमा. हुशार, हसरी, तीन मोहिमा केलेली मुलगी. पण तिनं असलं काही आपल्या पायांखाली कधी अनुभवलं नव्हतं. ती किंचाळली आणि कमरेच्या दोराचा आकडा सोडवू लागली. तिला पळायचं होतं. कुठं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

असं पळत सुटावंसं वाटणं बाईंना मात्र पुरतं ठाऊक होतं. त्यांचेही पाय सुटलेच होते. पण आकड्याशी झटणारी ती बोटं दिसली, आणि त्यांनी अनुपमाचे दोन्ही हात धरून तिला खाली बसवलं, स्वतः तिच्या अंगावर रेलून बसल्या. वर्गात बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, "बस. आधी बस. पळायचं असेल तर मीही येते तुझ्याबरोबर, पण आधी बसू." ती हिसडे देत राहिली. बाईंनी सोडलं नाही. मराठीत, हिंदीत, मध्येच कानडीत त्या बोलत राहिल्या. तुझी आई काय करते, घरामागं नारळ आहेत का, विहीर आहे का. हळूहळू उत्तरं येऊ लागली. नारळ होते. विहीर होती. विहिरीत कासव होतं.

इंग्रिड दोर धरत धरत परत आली. तिनं हातातल्या काठीनं आजूबाजूचं हिम टोचून पाहिलं. अनुपमाचं तोंड ज्या बाजूला होतं, तिकडं थोड्याच अंतरावर काठी मुठीपर्यंत आत गेली. वर हिमाची पापडी, खाली पोकळ. तिनं ते सगळ्यांना दाखवलं आणि धुकं हटल्यावर दुसरीकडून जायचं ठरवलं. धुकं विरळ व्हायला बराच वेळ लागला. तोवर सगळे पाठीला पाठ लावून बसले होते.

खोपटात परत आल्यावर अनुपमा बाईंजवळ येऊन म्हणाली, "तुम्ही घाबरला नव्हतात?"

"तुझ्याइतकीच घाबरले होते," बाई म्हणाल्या. "पण मला सवय आहे."

निघायच्या आधी शाळेशी बोलायचं ठरलं होतं. उपग्रहाचं जाळं कधी लागायचं, कधी तुटायचं. त्या दिवशी लागलं. पडद्यावर वर्ग दिसला, खच्चून भरलेला, खिडक्यांतही डोकी. आणि शेवटच्या बाकावर, मुलांमध्ये, उपरणं सावरत शिवलिंगप्पा. त्यांना सिद्धाराम घेऊन आला होता.

बाईंनी मुलांना हिमनदी दाखवली, यंत्रं दाखवली, मग टिपलेले आवाज ऐकवले. टकटकाट, हुंकार, गडगड. आवाज संपले आणि म्हातारा उभा राहिला.

"यव्वा," तो पडद्याकडं बघत म्हणाला, "तू तिथं भुईला कान लावून बसायलीस व्हय?"

"व्हय अप्पा. तेच काम हाय."

शिवलिंगप्पा मुलांकडं वळले. "म्या तुमच्या बाईचा बाप," ते म्हणाले. "भूकंपाच्या पहाटं ही आन् हिची माय आत गावल्या. धुरळा एवढा, की हाताला हात दिसंना. म्या नुसता वरडत व्हतो. मग ध्यानात आलं, आपुनच वरडत बसलो तर आतलं माणूस कसं ऐकू यील? तवा उपरणं तोंडात कोंबलं. आडवा झालो, भुईला कान लावला. हिकडं लावला, तिकडं लावला. लई येळानं आवाज आला. बारीक. मांजराच्या पिलावानी. तिथंच उकरलं, आन् ही निघाली."

एका मुलीनं हळूच विचारलं, "आन् त्यांची आई?"

"तिचाबी ऐकाया बगितला. दिवस मावळस्तोवर बगितला." म्हाताऱ्यानं उपरणं खांद्यावर सारखं केलं. "न्हाय आला."

ते खाली बसले. शेजारच्या पोरानं त्यांच्या हातावर हात ठेवला. तिकडं ध्रुवाजवळ, लाकडी खोपटात, बाई पडद्यासमोर दोन्ही हातांनी तोंड झाकून बसल्या होत्या. आपण योगायोगानं सापडलो, असंच त्या समजत आल्या होत्या. जाळं तुटलं तेव्हा डॉक्टर, अनुपमा, अनिर्बान कुणालाच ती बोली पुरती समजली नव्हती. पण कुणी जागचं उठलंही नाही.

बाई परत आल्यावर चार-दोन दिवसांनी शिवलिंगप्पा स्वतःहून म्हणाले, "चल, जुन्या गावाकडं जाऊन यू." तिथं आता बाभळी आणि तणाचं रान आहे, मध्येमध्ये दगडांचे ढीग. म्हातारा न चुकता एका जागी जाऊन थांबला. चूल इथं, धान्याची कणगी तिथं, तुझी माय इथं निजायची. बापलेक तिथं ऊन चढेपर्यंत बसले. आई कशी होती, ते बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर ऐकलं. ती गाणी म्हणायची आणि सगळी बेसूर म्हणायची, हे सांगताना म्हातारा हसला होता.

पुढं सत्कार झाले, शाली जमल्या. लोहाऱ्यात, जिल्ह्यातल्याच वाशीत, धाराशिवला बाईंना बोलावणी आली. बर्फ, अस्वलं, न मावळणारा सूर्य, लोकांना हेच ऐकायचं असे. बाई ते सांगत, पण प्रत्येक ठिकाणी हेही सांगत की पहिल्या दिवशी मी मोज्यांवर पळत सुटले होते. आयोजकांना ते जरा खटके. मुलांना तेवढंच लक्षात राहत असे.

यंदा पुन्हा एका शिक्षकाची निवड झाली आहे. परंड्याचे योगीराज नावाचे गुरुजी, दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाकडं जाणाऱ्या जहाजावर. त्यांचा बाईंना फोन आला. स्वतः तयार होते, पण आई कडूबाई काही ऐकेनात. बाईंनी रविवारी सकाळी एसटी धरली, धाराशिवला गाडी बदलली आणि दुपारी परंड्यात उतरल्या. कडूबाई दारातच धान्य पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि आढेवेढे न घेता विचारलं, "मास्तरीणबाई, खरं सांगा. माझा ल्योक तिथं भिऊन मरंल का?"

"भिईल," बाई म्हणाल्या. "मरणार नाही. त्याच्याबरोबरची माणसं त्याला दोरानं बांधून घेतील. मलाही घेतलं होतं."

कडूबाईंनी घरात बघून हाक मारली, "योगीराज, च्या टाक रं. आन् बाईंना जेवूनच जाऊ दे, मला अजून लई इचारायचंय." बाई पायातल्या चपला काढून ओसरीवर बसल्या आणि पाखडायचं राहिलेलं सूप त्यांनी पुढं ओढलं.